सांगायचं राहून गेलं

क्षमावणीच्या, म्हणजे जैनांनी एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी सकाळी मयंकनं दरवर्षीप्रमाणे मोबाइलमधल्या सगळ्यांची एकदमच क्षमा मागून टाकली. कमळाचं चित्र, त्यावर जोडलेले दोन हात आणि खाली ओळ : वर्षभरात कळत-नकळत आपलं मन दुखावलं असल्यास उत्तम क्षमा. मंदिरातून आल्यावर, दुकानाचं शटर वर करायच्या आधी, पायरीवर उभ्या उभ्या अंगठ्यानं नावांवर खुणा करत गेलं की काम झालं. दशलक्षणाचे, व्रत-उपासांचे दिवस संपले, आता वर्षभर बघायला नको. वाशिमच्या बाजारपेठेत त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं, वर घर. घरात आई अंगुरीबाई, बायको कृतिका आणि तो. वडील कस्तुरचंद जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पाटीवर अजून त्यांचंच नाव होतं. गादी झटकून तो बसला तेव्हा मोबाइल टुणटुणत होता. जोडलेले हात, अंगठे, फुलं. नातेवाइकांची कमळं परत आली होती. त्यांच्यामध्येच उत्तमरावांचं उत्तर होतं. उत्तमरावांचा शहराबाहेर भाजीचा मळा. चैत्रात त्यांच्या शुभांगीचं लग्न झालं, तेव्हा आंदणाची सगळी भांडी त्यांनी मयंककडूनच नेली होती. त्यांनी लिहिलं होतं : 'मयंकभाऊ, कायची माफी? भांड्यात काही खोट होती का? असन तरी सांगा. शुभांगीची माय इचारून राह्यली.'

मयंक आधी हसला. मोठ्यानं हसला, आणि गल्ल्यावरून मान वळवून कुणाला तरी हे वाचून दाखवावं म्हणून त्यानं पाहिलंही. पण दुकानात कुणी नव्हतं. मग 'आमच्यात तशी पद्धत असते' एवढं लिहायला त्यानं अंगठा उचलला आणि तो तसाच राहिला. कायची माफी? मळ्यात वाकून वांगी तोडता तोडता, ओल्या हातानं मोबाइल धरून त्या माणसानं हे खरोखरच विचारलं होतं. घरात बायकोशी बोलून विचारलं होतं. गंज, परात, पाण्याची टाकी पुन्हा एकदा उलटीपालटी करून पाहिली असेल त्यांनी. आपण मागितलेली माफी या जगात एका माणसानं तरी खरी मानली, या गोष्टीनं मयंकला एकाएकी घाम फुटला. पंखा चालू होता. समोरच्या मांडणीतल्या तांब्यांच्या पोटांवर त्याचा चेहरा ओळीनं फुगलेला दिसत होता, आणि सगळीकडून तोच त्याच्याकडे बघत होता. कायची? त्यानं मोबाइल पालथा ठेवला. कायची ते त्याला ठाऊक होतं. सकाळी मंदिरात, सगळ्यांच्या देखत, आईनं त्याच्यासमोर हात जोडले होते. रिवाजच तो; लहान मोठ्याची मागतो, मोठा लहानाची. पण आजारातून उठल्यापासून तिचे हात कापायचे, आणि त्या कापऱ्या हातांनी, मान खाली घालून ती म्हणाली होती, "दवाखान्यात तुले लय तरास देला बाप्पा मी. उत्तम क्षमा." त्यानंही घाईघाईनं हात जोडले, "उत्तम क्षमा, आई," म्हटलं आणि चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर पडला. चपला पायातच होत्या.

श्रावण लागता लागता तिला डेंग्यू झाला होता. ताप उतरला आणि सगळे निवांत झाले त्याच दिवशी ती ढासळली. हातपाय गार, नाडी हाताला लागेना. गावातल्याच एका खासगी दवाखान्यात भरती केली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं आहे, सलाईन फार चढवता येणार नाही, पाणी फुप्फुसात जाईल, तोंडानं पाजा. चमच्या-चमच्यानं पाजा, पण सारखं पाजा, रात्रीसुद्धा थांबू नका. खोलीची खिडकी बाजूच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. आत ट्यूबलाइट सदा लागलेली. सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक एवढाच की सकाळी फिनाईलचा वास येई. आणि अंगुरीबाईचं व्रत होतं. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, औषधाचा थेंबही नाही. सकाळी पुन्हा सूर्य वर येईपर्यंत. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते पाळलं होतं. मयंकच्या जन्माच्या वेळी पाळलं, कस्तुरचंद गेले त्या दिवशी पाळलं. ग्लानीत होती, पण शुद्ध गेली नव्हती. चमचा ओठाला लागला की डोळे न उघडता विचारायची, "दिवस हाये का रे अजून?"

पहिल्या संध्याकाळी त्यानं चमचा तसाच हवेत धरला होता. बाहेर बाजारातले दिवे लागून गेले होते. कृतिका त्याला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेली. "आईले सांगा ना सगळं," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणते ते सांगा, अन् विचारा. समजते त्याहीले." तो म्हणाला, "अन् नाही म्हटलं त?" ती जराशी थांबली. "त मंग पाहू. पन विचारा त खरं." "तुले काय जाते बोलाले? तुही आई नाही ते." हे त्याच्या तोंडून निघून गेलं. कृतिका भिंतीवरच्या लहान मुलांच्या लसीच्या तक्त्याकडे पाहत राहिली. मग वातावरण हलकं करावं म्हणून, आपण काही वाईट माणूस नाही हे दाखवावं म्हणून तो म्हणाला, "पाजून देतो आता. माफी मंग मागून घेईन. क्षमावणी येऊनच राह्यली ना!" आणि हसला. ते हसणं त्याला आता दुकानात बसल्या बसल्या ऐकू आलं. व्हरांड्याला छान घुमारा होता. तो आत गेला, खुर्ची ओढली, चमचा भरला. "दिवस हाये का रे?" "हाये आई. चांगलं ऊन हाये." ऊन त्यानं आपल्या पदरचं घातलं, तेवढं कुणी मागितलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं. चिमणीच्या पिल्लासारखं नव्हे, पिल्लं अधाशी असतात. तिनं हळू, विश्वासानं, ओठ विलग केले आणि पाणी आत घेतलं. तहान केवढी होती ते तिच्या गळ्याच्या हालचालीवरून कळत होतं. रात्रभर विचारत होती. रात्रभर ऊन होतं. दुसऱ्या रात्रीही, तिसऱ्याही. शेवटी शेवटी तिनं विचारणं सोडून दिलं, चमचा लागला की तोंड उघडू लागली, आणि त्याला सुटल्यासारखं झालं. ते सुटल्यासारखं होणं आठवलं की त्याच्या कानाची पाळी गरम व्हायची.

पाणी पाजलं याची त्याला लाज नव्हती. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पाजीन, हे तो छातीवर हात ठेवून सांगू शकला असता. डॉक्टरांनी पाठ थोपटली, समाजातले लोक म्हणाले, श्रावणबाळ. लाज दुसऱ्याच कशाची तरी होती, आणि ती नेमकी कशाची हे शोधायला गेलं की तो भलत्याच ठिकाणी जाऊन पोचायचा. शाळेत असताना तो वर्गातल्या रामसिंगबरोबर कुणाला न सांगता पोहरादेवीच्या यात्रेला गेला होता. रामसिंगचा सगळा बंजारा तांडा निघाला होता, जीपच्या टपावर जागा होती, घरी विचारलं असतं तर वडील नाही म्हणाले असते. म्हणून विचारलंच नाही. गर्दीत भंडारा उडत होता, नगारे वाजत होते, त्याला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. दिवेलागणीनंतर घरी परतला तेव्हा कस्तुरचंद दारातच उभे होते. त्यांचा हात वर गेला आणि मयंकनं झटकन वाकून त्यांचे पाय धरले, "चुकलं बाबा, सांगायचं राहून गेलं." वर गेलेला हात आशीर्वादासारखा डोक्यावर आला. बापाला दुसरं काही करताच आलं नाही. त्या क्षणी मयंकच्या हाती एक किल्ली लागली. विचारलं की समोरचा नाही म्हणू शकतो. माफी मागितली की त्याला फक्त क्षमा करता येते. त्या दिवशी आई त्याची वाट बघत सज्ज्यात उभी राहिली होती, जेवायची वेळ टळून सूर्य मावळला, आणि ती दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत पाण्यावाचून राहिली, हे त्याला फार वर्षांनी मोठ्या मावशीनं सांगितलं. ती स्वतः कधी बोलली नव्हती.

किल्ली मात्र सगळीकडे चालत गेली. वडिलांच्या मागे, आई यात्रेला गेली असताना त्यानं स्वयंपाकघर फोडून ओटा बांधला, ग्रॅनाइटचा, काळा चकचकीत. आई परत आली, दारातच थांबली. "सांगायचं राहून गेलं," तो हात जोडून म्हणाला. "छान केला," ती म्हणाली, आणि पुढं कित्येक महिने ओट्याच्या पायाशी जमिनीवर बसून भाजी चिरत राहिली. कृतिका लग्नाआधी मंगरूळपीरच्या शाळेत शिकवायची. ती नोकरी आता करणार नाही असं त्यानं संस्थेच्या अध्यक्षांना परस्पर सांगून टाकलं होतं. तेव्हाही हात जोडले होते, तेव्हाही ती जराशी थांबली होती. माणसं थांबतात. क्षमा करायच्या आधी ती जी जराशी थांबतात, तेवढ्यात ती काय गिळतात हे त्यानं कधी पाहिलं नाही, कारण त्या वेळी त्याची मान नम्रपणे खाली असायची.

दुपारी त्यानं दुकान ओढून घेतलं आणि वर गेला. अंगुरीबाई मागच्या खोलीत खाटेवर बसून मूग निवडत होती. कृतिका ओट्याशी होती. मयंक खाटेच्या कडेला बसला, पुन्हा उठला, मग खाली जमिनीवर बसला.

"दुकान कायले बंद केलं?" आईनं विचारलं.

"आई, एक सांगायचं होतं. दवाखान्यातलं."

"सांग ना."

"तू मले विचारे, दिवस हाये का म्हणून. मी हाये म्हणो. दिवस नोहता आई. रात होती."

ताटातला हात थांबला. एक बारीक खडा तिनं दोन बोटांत धरलेला होता, तो तसाच.

"एखाद्या वेळी?"

"रोजच."

"रातभर?"

"हो."

कृतिकानं गॅस बंद केल्याचा आवाज आला. अंगुरीबाईनं खडा ताटाच्या काठावर नीट ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग येईल, रडू येईल, काहीतरी येईल म्हणून तो पाहत होता. ती मात्र आठवत होती. एकेक चमचा आठवत असावी. त्या पाण्याची चव तिच्या तोंडात पुन्हा येत असावी असं त्याला वाटलं आणि त्यानं नजर खाली घेतली. मग, मान खाली घालायची नाही असं मनाशी ठरवलेलं आठवून, पुन्हा वर केली.

"मंग विचारलं काहून नाही मले?"

"तू नाही म्हटलं असतं."

"म्हटलं असतं का मी?" हे ती त्याला विचारत नव्हती. "मले त काही सांगता येत नाही बाप्पा. लय भेली होती मी. तहान अशी का जीव तुटे. पी म्हटलं असतं तुनं, त पेलीबी असती मी कदाचित. नसतीबी पेली. सुखात त कोनीबी पाळते रे. जल्मात एकदा वेळ आली होती पाहाची का मी कशी हावो. माहा पेपर होता अन् तू लिहून आला."

"माफ कर आई. क्षमा कर."

"केली," ती म्हणाली. इतक्या लवकर म्हणाली की त्याला धडपडल्यासारखं झालं. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीनच लागावी तसं. "तुले क्षमा करनं का कठीन हाये? तू एवढासा होता तवापासून करून राह्यली." आणि तिनं ताट पुन्हा पुढं ओढलं. त्यात टोचणं नव्हतं. टोचणं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

दोन-तीन दिवस गेले. आई नेहमीसारखी वागत होती. एका सकाळी तो दुकानात उतरायच्या घाईत असताना ती त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातानं पदराचं टोक चिमटीत घेऊन ती त्याचा पीळ करत होती.

"मयंक, एक विचारू का?"

"विचार ना."

"मी एक उपास धरू का? बिनपान्याचा. त्या राती पोटात हायेत माह्या, त्यायच्यासाठी." डॉक्टरांनी यंदा उपास करायचे नाहीत असं बजावलं होतं, आणि दशलक्षणात तिनं ते ऐकलंही होतं, जन्मात पहिल्यांदाच ती त्या दिवसांत दोन वेळा जेवली होती. "तू नाही म्हणशीन त नाही धरनार. पन इचार करून सांगजो."

मयंकच्या तोंडात 'नाही' तयार होतं. गेल्या महिन्याचे रिपोर्ट, हृदय, साखर, सगळी कारणं ओळीनं उभी होती. तो बोलणार तोच त्याला तिची चिमटी दिसली. पदराचा तो पीळ. विचारणारं माणूस असं दिसतं. त्यानं हे कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसा, आणि असं विचारणार तरी कशाला? ती दारात उभी होती आणि तिच्या उद्याच्या दिवसाची चावी तिनं आपण होऊन त्याच्या हातावर ठेवली होती, त्याच हातावर. सूड म्हणून नव्हे. सूड तिला सुचलाच नसता. तिला खरोखरच त्याचं उत्तर हवं होतं, आणि ते 'नाही' असं आलं असतं तर ती मुकाट्यानं परत गेली असती, वरण-भात जेवली असती, आणि त्या तिन्ही रात्री पोटात घेऊनच राहिली असती.

"संध्याकाळी सांगतो," तो म्हणाला.

दिवसभर त्याचं दुकानात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाला त्यानं कढईऐवजी तवा काढून दिला. दुपारी कृतिकाला विचारलं, "का सांगू?" ती पोळ्या लाटत होती. "मले नोका विचारू," ती म्हणाली. "त्याहीनं तुमाले विचारलं हाये." मग लाटणं थांबवून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "खरं वाटते ते सांगा. तेवढंच करा." डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, मी हो म्हणणार नाही. संध्याकाळी तो आईजवळ गेला. ती जेवून, चूळ भरून, माळ घेऊन बसली होती.

"धर आई."

"मनापासून?"

खोटं बोलणं सोपं होतं. जिभेवरच होतं. "मनापासून नाही," तो म्हणाला. "मले भेव लागते. पन धर."

तिनं त्याच्याकडे पाहून मान डोलावली. बस एवढंच. पण त्या वेळी त्याला वाटलं होतं की काहीतरी थोडंसं जागेवर आलं.

उपासाचा दिवस आला. भाद्रपद उतरतानाचं ऊन. सोयाबीन पिवळं पाडणारं, डोक्यात शिरणारं. तो काहीतरी निमित्त काढून सारखा वर यायचा. दुपारपर्यंत ती खाटेवर टेकून माळ ओढत होती आणि तो दिसला की, "हावो, हावो जित्ती," म्हणून हसायची. दुपारनंतर आडवी झाली. संध्याकाळी डोळे मिटूनच होती. दिवस मावळला, मंदिरातली आरती होऊन गेली. कृतिका म्हणाली, तुम्ही बसा, मी जरा पाठ टेकते. मयंकनं खुर्ची ओढून घेतली. आईचे ओठ सुकले होते, मधोमध एक बारीक चीर गेली होती आणि तिच्यात रक्ताचा ठिपका वाळला होता. श्वास लहान, वरच्यावर. त्यानं तिच्या हाताला हात लावून पाहिला. हात गार होता. फार गार नव्हता, पण गार होता. कोनाड्यात पाण्याचा तांब्या होता, त्यावर पेला, पेल्यात चमचा. सकाळच्या पारण्यासाठी कृतिकानं पाणी गाळून, उकळून आधीच भरून ठेवलेलं.

एवढ्यानं काय होतं, असं त्याच्या मनात आलं. जीभ ओली होईल, बस. तिला कळणारसुद्धा नाही. झोपेत माणूस गिळतं. आणि कळलंच तर, तर काय. हात केव्हा पुढं झाला ते त्याला समजलं नाही. पेला तांब्यावरून उचलला गेला, चमचा भरला गेला, तो कसबी हात होता, त्या तीन रात्रींनी त्याला शिकवून तयार केला होता, एक थेंबही सांडला नाही. चमचा तिच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता तेव्हा अंगुरीबाईनं डोळे उघडले.

तिनं चमच्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. काही विचारलं नाही. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, रागही नव्हता; तिनं ओठ आत ओढून घट्ट मिटले, लहान मूल औषधाला मिटतं तसे, पदर ओढून तोंडावर घेतला, त्याच्यावर हाताचा पंजा दाबून धरला आणि भिंतीकडे कूस वळवली. तशीच निजली.

त्यानं चमचा पेल्यात ठेवला. माफ कर, एवढंच म्हणायचं होतं, आणि ती करणारही होती, पदराआडून, तशीच भिंतीकडे तोंड करून, लगेच. म्हणून तो बोलला नाही. खोलीतून उठून जाण्याचीही त्याला हिंमत झाली नाही. तो बसून राहिला, तिच्या पाठीकडे पाहत, आणि झोप लागून तो पंजा केव्हा सैल पडतो याची वाट बघत. पंजा सैल पडत नव्हता.